स्पेलबुकाला हात घालण्याआधी: नाशिकच्या डीएम मंडळींना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर, नाशिक रोड, सिडको, सातपूर आणि पंचवटी भागात डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या कथाखेळाचे टेबल चालवणारे सर्व डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे कथा आणि निकाल सांभाळणारे)

विषय: विझार्डच्या (जादूगार पात्राच्या) स्पेलबुकाबाबतचे, म्हणजे त्याच्या स्पेलच्या (मंत्रांच्या) पुस्तकाबाबतचे, घरचे नियम कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) सुरू होण्याआधी ठरवून लिहून देण्याबाबत

स.न.वि.वि.

क्लेरिकला जादू देणारा देव कोणी चोरत नाही. सॉर्सररचे जादू भिनलेले रक्त पुरात भिजत नाही. फायटरची लाँगसोर्ड गेली तर पुढच्या गावचा लोहार १५ जीपीत (सोन्याच्या नाण्यांत) दुसरी देतो. सगळ्या खेळात विझार्डच असा की त्याची अख्खी विद्या तीन पौंडांच्या एका वस्तूत बांधलेली असते आणि ती वस्तू त्याच्या पाठीवरच्या पिशवीत असते. तिच्यावर घाला घालण्याचा मोह डीएमला होणारच. तो होऊ नये असे आम्ही म्हणत नाही; आमच्यातले अर्धेअधिक जण स्वतःही टेबल चालवतात आणि तो मोह त्यांनाही होतो.

मागणी एवढीच आहे की स्पेलबुकाचे नियम सेशन झीरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला) ठरावेत, ऐन लढाईत सुचू नयेत. आणि त्या नियमांत एक तत्त्व पाळले जावे: ज्या टेबलावर पुस्तक नष्ट होऊ शकते, त्या टेबलावर पुस्तकाची नक्कल करायला पुरेसा वेळ आणि पैसा आधी मिळालेला असला पाहिजे. नकलेची सोय नसेल तर पुस्तकाला हात लावू नका. सोय आहे आणि खेळाडूने आळस केला, तर मग खुशाल जाळा. त्याने डोळ्यांत पाणी आणले तरी ऐकू नका.

पुढचे सगळे हिशेब डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ ची सुधारित पुस्तके वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी मूळ नियम काय म्हणतो ते पाहू, कारण निम्मे वाद तो न वाचल्याने होतात. पुस्तक हरवले म्हणजे विझार्ड त्या क्षणी रिकामा होतो, ही समजूत चुकीची आहे. जे स्पेल तयार केलेले (पुस्तकातून निवडून डोक्यात घेतलेले) आहेत ते डोक्यात राहतात आणि पुढच्या लाँग रेस्टनंतरही (मुक्कामाच्या मोठ्या विश्रांतीनंतरही) तेच राहतात. बदलता येत नाही ती यादी, कारण नवी यादी करायला पुस्तक समोर लागते. जातात ते रिच्युअल, म्हणजे दहा जादा मिनिटे घेऊन विधीसारखे करायचे स्पेल. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय यांसारखे रिच्युअल विझार्ड तयार न करता पुस्तकातून करतो. पुस्तक नाही तर तेही नाही. २०२४ च्या नियमांत पाचव्या लेव्हलपासून शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) एक तयार स्पेल बदलता येतो, पण तोही पुस्तक बघूनच. म्हणजे तिथे पुस्तक गेल्याचा फटका थोडा जास्त बसतो.

पाचव्या लेव्हलचा विझार्ड घ्या, इंटेलिजन्स १८. पहिल्या लेव्हलला सहा आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला दोन, असे त्याच्या पुस्तकात फुकटचे १४ स्पेल आहेत. तयार असतात नऊ (लेव्हल पाच अधिक इंटेलिजन्स १८ चे चार, २०२४ च्या तक्त्यातही पाचव्या लेव्हलला नऊच). पुस्तक जळाले तर हे नऊ तो डोक्यातून नव्या कोऱ्या पुस्तकात उतरवू शकतो, दर स्पेल-लेव्हलला (स्पेलची स्वतःची पायरी, पात्राच्या लेव्हलहून वेगळी) एक तास आणि १० जीपी या दराने. उरलेले पाच कायमचे गेले. ते पुन्हा कुठेतरी सापडले तरच मिळायचे. आता हे पाच कोणते असतात? रोज न लागणारे. फेदर फॉल, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, नॉक असले. म्हणजे पुस्तक जाळून डीएम विझार्डची ताकद कमी करत नाही. फायरबॉल तयार होता, तो शाबूत राहतो. कमी होतो तो त्याचा हरहुन्नरीपणा. विझार्ड फार भारी झाला म्हणून पुस्तक जाळणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की घाव भलत्याच ठिकाणी बसतो.

आणि जाळायचे कसे, हाही प्रश्न आहेच. शत्रूच्या फायरबॉलमध्ये पिशवीतले पुस्तक जळाले, असा निकाल वरचेवर दिला जातो. स्पेलच्या मजकुरात साफ लिहिले आहे की पेट घेतात त्या वस्तू कोणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या. पाठीवरची पिशवी त्यात येत नाही. ही सवय बहुधा ३.५ आवृत्तीतून आली असावी. तिथे सेव्हिंग थ्रोवर (बचावाच्या फाशावर) नॅचरल १, म्हणजे फाशावरच १, पडला तर अंगावरच्या एखाद्या वस्तूला इजा पोहोचायची. तो नियम आवडत असेल तर जरूर आणा, पण मग सगळ्यांच्या वस्तूंना लावा. पॅलाडिनची ढाल आणि रोगचा (चोर पात्राचा) धनुष्यबाणही रांगेत उभे करा.

आता नकलेकडे येऊ, कारण पत्राचा गाभा तोच. स्वतःच्या पुस्तकाची दुसरी प्रत करायला दर स्पेल-लेव्हलला एक तास आणि १० जीपी. कोरे पुस्तक ५० जीपी. वरच्या विझार्डचे १४ स्पेल म्हणजे पहिल्या लेव्हलचे आठ, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे दोन. लेव्हलची बेरीज २२. खर्च २२० अधिक ५०, एकूण २७० जीपी, वेळ २२ तास. दिवसाला आठ तास लिहिले तर तीन दिवसांत काम फत्ते. दहाव्या लेव्हलला बेरीज ६४ होते: पुस्तकासकट ६९० जीपी आणि आठ दिवस. विसाव्या लेव्हलला फुकटच्या ४४ स्पेलची बेरीज २२०, म्हणजे २,२०० जीपी आणि जवळपास चार आठवडे. सापडलेले, विकत घेतलेले स्पेल यात धरलेले नाहीत.

पैसा कुठेही अडत नाही, हे या आकड्यांत दिसतेच. अडतात ते दिवस. बहुतेक कॅम्पेनमध्ये एका संकटातून दुसऱ्यात अशी उडी असते. गावात पाय ठेवला की संध्याकाळी सरायला आग लागलीच. तीन दिवस निवांत बसू न देणाऱ्या डीएमने नंतर 'नक्कल का नाही केलीस' असे विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून आमची ठोस सूचना: दर लेव्हल चढल्यावर किमान दोन दिवस डाउनटाइम (साहसांमधला मोकळा वेळ) द्या. एका लेव्हलमागे पुस्तकात दोनच फुकट स्पेल येतात. ते नवव्या लेव्हलचे असले तरी त्यांची नक्कल १८ तासांची, आणि सव्वादोन दिवसांतला तो पाव दिवस कोणीही सोडून देईल.

डाउनटाइम द्यायला कथेत जागाच नसेल तर मुक्कामाची रात्र आहे. लाँग रेस्टच्या आठ तासांत सहा तास झोप आणि दोन तासांपर्यंत हलके काम चालते. नियमात वाचणे, बोलणे, खाणे, पहारा देणे अशी उदाहरणे आहेत. लिहिणे त्यात बसते का, हे प्रत्येक टेबलाने ठरवावे. आमचे मत असे की स्वतःच्या पुस्तकाची नक्कल बसावी आणि नवा स्पेल उतरवणे बसू नये. कारण उघड आहे. नव्या स्पेलच्या खर्चात प्रयोगाचे साहित्य धरलेले असते, तो करून बघावा लागतो, चुकतो, पुन्हा करावा लागतो. ते शेकोटीच्या उजेडात गुडघ्यावर वही ठेवून होत नाही. नक्कल म्हणजे ओळखीचे अक्षर ओळखीच्या शाईत. रात्री दोन तास धरले तर २२ तासांची प्रत अकरा मुक्कामांत होते. त्या रात्री विझार्डने पहारा द्यायचा नाही, कारण त्याचे दोन तास लिहिण्यात गेले. पार्टीने (सोबतच्या पात्रांनी) ते मान्य करायचे. ही छोटी किंमत टेबलावर चांगली चुरस आणते. रेंजर कुरकुरतो, तेही बरेच.

दुसरी प्रत ठेवायची कुठे, हेही आधी ठरवा. दोन्ही प्रती एकाच पिशवीत ठेवणाऱ्याला दया नको. मंदिर, सावकार, गिल्ड, गुरूचे घर यांपैकी एक जागा डीएमने 'पक्की' म्हणून सांगावी आणि मग ती फोडू नये. एकदा तरी फोडलीच तर त्याची कुणकुण एक सेशन आधी लागू द्या.

नव्या स्पेलचा दर दर लेव्हलला दोन तास आणि ५० जीपी. फायरबॉल सहा तास, १५० जीपी. हा दर महाग वाटून कित्येक टेबलांवर तो सरळ माफ केला जातो. आम्ही खुद्द विझार्ड खेळणारे असून सांगतो, माफ करू नका. २०१४ च्या नियमांत प्रत्येक शाळेच्या (जादूच्या शाखेच्या) विझार्डला दुसऱ्या लेव्हलला 'सॅव्हंट' मिळते, आपल्या शाळेचे स्पेल निम्म्या वेळात आणि निम्म्या खर्चात उतरवण्याची सोय. दर शून्य केला की शून्याचे निम्मे शून्य, आणि ती सोय गेली. २०२४ मध्ये सॅव्हंट बदलून त्याजागी शाळेचे जादा स्पेल फुकट दिले आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. पण दुसरी आहे, आणि ती दोन्हीकडे लागू पडते.

समजा पार्टीने एका मेजला (जादूगार शत्रूला) मारले. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला साधा मेज, नवव्या लेव्हलचा कॅस्टर. त्याच्या यादीत पहिल्या लेव्हलचे चार (डिटेक्ट मॅजिक, मेज आर्मर, मॅजिक मिसाइल, शील्ड), दुसऱ्याचे मिस्टी स्टेप आणि सजेशन, तिसऱ्याचे काउंटरस्पेल, फायरबॉल, फ्लाय, चौथ्याचे ग्रेटर इनव्हिजिबिलिटी आणि आइस स्टॉर्म, पाचव्याचा कोन ऑफ कोल्ड. एकूण बारा स्पेल, लेव्हलची बेरीज ३०. सगळे उतरवायचे तर १,५०० जीपी आणि ६० तास. १,५०० जीपी म्हणजे नेमकी प्लेट आर्मरची किंमत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला तिसऱ्या लेव्हलपर्यंतचेच उतरवता येतात; पहिल्या लेव्हलचे चारही त्याच्याकडे आधीच असतील तर उरली बेरीज १३, म्हणजे ६५० जीपी आणि २६ तास. बाकीचे पुस्तक तो जपून ठेवतो आणि सातव्या, नवव्या लेव्हलला पुन्हा उघडतो. शत्रूचे पुस्तक लुटीत दिले तर विझार्ड हाताबाहेर जाईल ही भीती म्हणूनच फोल आहे. लगाम दरातच आहे. दर माफ केला आणि मग घाबरून पुस्तकेच द्यायची बंद केली, असे उलटे होऊ देऊ नका. मेलेल्या विझार्डच्या अंगावर पुस्तक नव्हते, हे वाक्य कॅम्पेनमध्ये एकदा चालते. तिसऱ्यांदा ऐकले की खेळाडू समजायचे ते समजतो. आमच्या मते शत्रू विझार्डच्या पुस्तकात त्याच्या तयार यादीतले सगळे आणि वर दोन ते चार जादा स्पेल असावेत, आणि त्या जादांतला एखादा रिच्युअल असावा.

(जीपीचा हिशेब पार्टीच्या वहीत नीट लिहिला जात नाही, ही वेगळीच रड आहे. शेजारी नाशिक रोडला देशाच्या नोटा छापतात आणि आमच्या टेबलांवर चारशे जीपी दोन सेशनच्या मध्ये कुठे जिरले ते कोणालाच सांगता येत नाही.)

स्क्रोलवरून (सुट्या गुंडाळीवर लिहिलेला एखादा स्पेल) स्पेल उतरवताना मात्र मूळ नियम आम्हाला कडक वाटतो. इंटेलिजन्स (आर्केना, म्हणजे जादूचे ज्ञान) चेक, म्हणजे वीसबाजूच्या फाशात पात्राचे कौशल्य मिळवायचे; डीसी (गाठायचा आकडा) १० अधिक स्पेलची लेव्हल. पास व्हा की नापास, स्क्रोल नष्ट. पाचव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स १८ असलेला, आर्केनात प्रवीण विझार्ड अधिक सातने रोल करतो. फायरबॉलच्या डीसी १३ ला त्याला सहा किंवा जास्त लागतो, म्हणजे चारात एकदा स्क्रोल वाया. आर्केना घेतले नसेल तर पाचात दोनदा. वर चढल्यावर सुधारते म्हणावे तर तेही नाही. सतराव्या लेव्हलला, इंटेलिजन्स २० सह, नवव्या लेव्हलच्या स्क्रोलला शंभरात पस्तीस वेळा नापास. अख्ख्या कॅम्पेनमध्ये एकदा मिळणारा विशचा स्क्रोल एका रोलवर राख होणे मजेशीर नाही, नुसते चिडचिडे आहे. आमचा घरचा नियम असा: पाच किंवा जास्तने नापास झाला तरच स्क्रोल जातो. त्याहून कमी फरकाने हुकला तर स्क्रोल राहतो, पण निम्मा वेळ आणि निम्मे पैसे गेले, आणि पुढची लेव्हल चढेपर्यंत त्याच स्क्रोलवर पुन्हा बसता येत नाही. वरच्या फायरबॉलमध्ये मग २ ते ५ पडले तर तीन तास आणि ७५ जीपी पाण्यात. स्क्रोल जातो तो फक्त १ पडल्यावर. जोखीम राहते आणि टेबल रुसत नाही.

पानांचा हिशेब ठेवायचा की नाही, यावर सही करणाऱ्यांतच एकमत नाही. पाचवी आवृत्ती सांगते की पुस्तक शंभर पानांचे, पण एक स्पेल किती पाने खातो ते सांगत नाही. ३.५ मध्ये ते स्वच्छ होते: दर लेव्हलला एक पान. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेव्हलमध्ये १डी६ (एका सहाबाजूच्या फाशाचा आकडा) वजा १ मिळवून पाने ठरत, म्हणजे एकच स्पेल एकाच्या वहीत तीन पानांत आणि दुसऱ्याच्या वहीत आठ पानांत. गंमत आहे, पण रोजच्या खेळात जाच. ठेवायचाच तर ३.५ चा दर घ्या. फुकटच्या स्पेलांनीच बाराव्या लेव्हलला ८८ पाने भरतात आणि तेराव्या लेव्हलचे पहिले दोन सातव्या लेव्हलचे स्पेल आले की बेरीज १०२. दोन पाने बाहेर. सापडलेले स्पेल धरले तर हे आठव्या-नवव्या लेव्हलच्या आसपासच होते. त्यावेळी दुसरे पुस्तक घ्यावे लागते, आणि कोणते पुस्तक सोबत न्यायचे, कोणते ठेवायचे, असा खरा निर्णय खेळाडूपुढे येतो.

पानांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी मेन रोडवरून साधी शंभर पानी वही आणावी आणि तीच पुस्तक समजावी. पहिल्या पानावर अनुक्रमणिका: स्पेल, लेव्हल, कोणत्या पानापासून कुठवर, कुठून मिळाला, नक्कल झाली की नाही. पाच रकाने, बस्स. आत प्रत्येक स्पेलचे रेंज, कालावधी, साहित्य हाताने लिहायचे. लढाईत मोबाइलवर शोधण्यापेक्षा लवकर सापडते, आणि पुढे पाण्याचा नियम येतो त्याला ही वही लागतेच.

पाण्याबद्दल मूळ नियम गप्प आहे. नाशिककरांना पाणी मोजायला पट्टी लागत नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, एवढे सांगितले की पूर केवढा ते गावभर कळते. तेच माप टेबलावर आणा. पात्राच्या गुडघ्यापर्यंत पाणी: पुस्तकाला काही नाही. कमरेपर्यंत: पुस्तक कमरेच्या थैलीत असेल तर एक पान खराब. छातीपर्यंत: पाठीवरची पिशवी भिजली, १डी६ पाने. डोक्यावरून: ३डी६ पाने. कोणती पाने, यासाठी प्रत्येक खराब पानामागे टक्केवारीचे दोन दहाबाजूंचे फासे टाका. पुस्तक शंभर पानांचे, फासेही शंभराचे, हे आपोआप जुळते. पडलेले पान कोरे निघाले तर सुटलात. मजकुराचे निघाले तर तो स्पेल पुस्तकातून वाचता येत नाही, जोवर ते पान दुरुस्त होत नाही. दुरुस्ती दर पानाला एक तास आणि १० जीपी, पण फक्त तो स्पेल डोक्यात तयार असेल किंवा दुसऱ्या प्रतीत असेल तर.

मेणकापडात गुंडाळलेल्या पुस्तकाला यातले काहीही लागू नाही, दहा मिनिटे पाण्याखाली राहिले तरी. मेणकापडाची किंमत २ जीपी ठेवा. एवढी स्वस्त का? कारण आम्हाला पुस्तके भिजवायची नाहीत, खेळाडूने 'मी पुस्तक गुंडाळतो' असे म्हणावे एवढेच हवे आहे. आणि रिच्युअल करताना पुस्तक उघडेच असते, तेव्हा मेणकापड कामाचे नाही. दहा जादा मिनिटे भर पावसात बसणाऱ्याने आधी छप्पर शोधावे.

मेंडिंग या स्पेलने भिजलेले पान सुधारते का, असे दर वेळी विचारले जाते. नाही. मेंडिंग फाटलेले किंवा तुटलेले सांधते, तेही एका फुटापर्यंतचे. धुऊन गेलेली शाई ही फाटलेली वस्तू नव्हे. उसवलेली शिवण, फाटलेला कोपरा, तुटलेली फळी जरूर सांधा.

आगीचा नियम सोपा ठेवा. अंगावर असेल तर काही नाही. टेबलावर, जमिनीवर उघडे पडले असेल आणि आगीचा स्पेल त्यावरून गेला तर ते पेटते. दर राउंडला (लढाईच्या फेरीला) १डी६ पाने जातात, कोणीही एक अ‍ॅक्शन (फेरीतली आपली कृती) खर्चून विझवू शकते. कोणी मुद्दाम फाडायला, तोडायलाच निघाला तर डीएमच्या पुस्तकातला वस्तूंचा तक्ता आहेच: कागदाचा एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) ११, एवढ्या लहान पण दणकट वस्तूला सरासरी ५ हिट पॉइंट (सोसता येणारी इजा). म्हणजे एका तलवारीच्या घावात पुस्तक गेले. याचा अर्थ शत्रूच्या हाती पुस्तक लागू देऊ नये, इतकाच.

आपल्याकडच्या टेबलांसाठी एक पर्याय आम्हाला विशेष सुचवावासा वाटतो: बांधीव पुस्तकाऐवजी पोथी. सुटी लांबट पाने, वर-खाली दोन फळ्या, आणि बासनात बांधलेला गठ्ठा. पान वाढवायला नवे पुस्तक लागत नाही, वीस पाने सोबत आणि बाकी घरी असे करता येते, आणि पूर किंवा आग आली तर जेवढी पाने सोबत तेवढ्यांनाच धोका. पुस्तक गमावण्याची अर्धी भीती इथेच मिटते. तोटेही खरेच आहेत. लढाईत बासन सुटले तर पाने वाऱ्यावर; गोळा करायला दर अ‍ॅक्शनला पाच पाने. क्रम बिघडला तर लावायला एक तास, तोवर यादी बदलता येत नाही. चोराला अख्खी पोथी न्यायची गरज नाही, फायरबॉलची तीन पाने काढली की झाले, आणि खेळाडूला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. शंभर पानांच्या पोथीचा दर ५० जीपीच ठेवा, वर फळ्या आणि बासनाचे ५. सुट्या पानांचा दर दोनाला १.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलणारे लिहून ठेवत: तेलापासून जप, पाण्यापासून जप, ढिल्या बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. चौथ्या मुद्द्याचे नियम अजून राहिले. पार्टीत दोन विझार्ड असतील तर ते एकमेकांचे स्पेल उतरवणारच, उतरवू द्या. अट एक: ज्याचे पुस्तक उतरवले जात आहे त्याने त्या वेळेत स्वतः लिहायचे नाही, कारण पुस्तक समोरच्याकडे आहे. एवढ्यानेच दिवस दुप्पट लागतात आणि बाकीच्या पार्टीला गावात फिरायला सबब मिळते. परक्या विझार्डकडून उतरवायचे तर फी लावा, ३.५ मध्ये दर स्पेल-लेव्हलला ५० जीपी असा रिवाज होता, तो आजच्या लिहिण्याच्या खर्चाइतकाच भरतो, म्हणजे विकत घेतलेला स्पेल दुपटीला पडतो. रास्त आहे.

मोठ्या शहरात वाचनालय ठेवा. आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, खेळातल्या शहराला का नसावे? पुस्तक बाहेर न्यायचे नाही, तिथेच बसून उतरवायचे, अनामत म्हणून दर स्पेल-लेव्हलला १०० जीपी, पुस्तक जसेच्या तसे परत केल्यावर परत. डीएमने तिथल्या कपाटात कोणते स्पेल आहेत त्याची दहा-बारा नावांची यादी आधीच करून ठेवावी. 'तुला कोणता हवा' असे विचारले की संपले. कोणीही फायरबॉलच सांगतो. यादीत नसलेला स्पेल शोधणे हाच मग पुढचा प्रवास होतो.

चोरीबद्दल थोडक्यात. चोरीला गेलेले पुस्तक तीन सेशनच्या आत सापडेल असा माग ठेवा, कारण तेवढा काळ खेळाडू ठरावीक नऊ स्पेलांवर काढू शकतो. त्यापुढे तो खेळत नाही, नुसता बसतो. पुस्तकाला सापळे लावायची मुभा असू द्या. आर्केन लॉक कुलपाच्या पेटीला २५ जीपीच्या सोन्याच्या चुऱ्यात होतो, इल्युजरी स्क्रिप्ट १० जीपीच्या शाईत दहा दिवस टिकतो. खेळाडूने यावर खर्च केला असेल तर चोराने ते नुसते ओलांडून जाऊ नये, त्यालाही फासे टाकायला लावा.

चालू कॅम्पेनचे काय, हा प्रश्न उरतो. तिथे नवा नियम मागच्या तारखेपासून लावू नका. आमची सूचना: पुढच्या सेशनच्या सुरुवातीला विझार्डला आतापर्यंतच्या सगळ्या स्पेलची एक पूर्ण नक्कल झाली असे धरा, तिचे पैसे पार्टीच्या पेटीतून वजा करा, ती कुठे ठेवली ते खेळाडूला सांगायला लावा, आणि त्या क्षणापासून नवे नियम लागू. पैसे कमी पडत असतील तर जेवढे पुरतील तेवढ्याच स्पेलची नक्कल झाली असे धरा. कोणते, ते खेळाडूने निवडावे. एक पान टंकून टेबलावरच्या सगळ्यांना द्या. त्यात एवढे असले की पुरे: पाने मोजायची का, मुक्कामाला नक्कल चालते का, स्क्रोल नापास झाला तर काय, पाणी आणि आगीचे नियम, पक्की जागा कोणती. विझार्ड नसलेल्या टेबलानेही हे पान करून ठेवावे, कारण चौथ्या लेव्हलला कोणाचा तरी बार्बेरियन मरतो आणि तो खेळाडू पुढच्या रविवारी विझार्ड घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
नाशिकमधले विझार्ड खेळणारे